श्रावणातलं मानवी प्रोटीन

माणसाचं प्रोटीन मी घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि आईने विचारल्यावर ते काय आहे ते खरं सांगितलं.

बोईसरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी स्टोअर सांभाळतो. आमच्या मॅडम कित्येक महिने एका बाटलीची वाट बघत होत्या. बाटली बोटाच्या पेराएवढी. ती आली नाही तर त्यांचं वर्षभराचं काम तसंच पडून राहणार, हे आम्हाला पाठ झालं होतं. रजेवर जव्हारला जाताना त्या बजावून गेल्या, "आली की लगेच फ्रीझरमध्ये."

बाटली आली गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवार आमच्या औद्योगिक वसाहतीचा सुट्टीचा वार, त्यात दुरुस्तीसाठी इमारतीची लाइट दिवसभर बंद राहणार होती. मॅडमचा फोन लागेना. मग मी बाटली बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळली, जेवणाच्या डब्यात घातली आणि स्कूटरवरून माकुणसारला घरी आणली.

आईने फ्रीझर उघडला. "ह्ये काय हाय रे?"

"प्रोटीन. माणसाचं."

"कोणाचं?"

"असं कोणाचं नसतं गं. माणसाच्या शरीरात बनतं ते जंतूंकडून बनवून घेतात. संशोधनासाठी."

"कसले जंतू?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण अर्धवट माहिती असली की मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. "आपल्या आतड्यात असतात ना, ते."

आईने फ्रीझरचं दार धाडकन लावलं. "श्रावण लागला म्हणून सगली कोलंबी काढून फ्रिज सोड्याने पुसला आमी. आन् तू माणूस आणून ठेवलास? वर हगवणीचे जंतू?"

"शाकाहारी जंतू असतील," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

बायकोने बाटली काढून उजेडात धरली. "अवो, यात तर कायच नाय."

मीही पाहिलं. खरंच काही नव्हतं. तळाशी नाही, कडेला नाही. उडून गेलं की काय?

"गेला वाटतं बिचारा," आई म्हणाली आणि तिने हात जोडले.

बिचारा गेला असो वा नसो, फ्रिजमध्ये त्याला जागा नव्हती. मी बाटली घेऊन तसाच केळव्याला गेलो. किनाऱ्याजवळ ओळखीच्या माणसाचं आईस्क्रीमचं दुकान आहे. या वेळी शहाणपणा करून मी फक्त "औषध" म्हणालो. त्याने बाटली मँगो कोनच्या शेजारी ठेवली.

शुक्रवारी दिवसभर मी त्या फ्रीझरशेजारी खुर्ची टाकून बसलो. कोणी झाकण उघडलं की मी उठून उभा. मुंबईच्या एका बाईंनी आत डोकावून विचारलं, "भैया, ये छोटावाला कौनसा है?"

"वो आदमी का है," मी दचकून खरं बोलून गेलो.

बाई दोन पावलं मागे सरल्या आणि सगळ्या कुटुंबाला घेऊन नारळपाणीवाल्याकडे गेल्या.

"अवो, बसायचं तर तोंड बंद करून बसा ना," दुकानदार म्हणाला. "गिऱ्हाईक कशाला पलवता?"

शनिवारी सकाळी बाटली घेऊन मी प्रयोगशाळेत पोचलो. मॅडम आल्या होत्या. मी मान खाली घालून सगळं सांगितलं: आई, श्रावण, मँगो कोन. शेवटी म्हणालो, "मॅडम, आतलं उडून गेलंय. मी रिकामी बाटली सांभाळत बसलो."

त्यांनी बाटली बघितली, थोडं द्रावण घालून हलक्या हाताने फिरवली, त्यातला थेंब तपासायला लावला. तपासणी होईपर्यंत मी दारातच उभा राहिलो. माझ्या नोकरीपेक्षा त्यांच्या वर्षाची धाकधूक जास्त होती, हे मी आजही शपथेवर सांगतो, कोणी विश्वास ठेवत नाही ते सोडा.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळं आहे. वाळवलेलं असतं हो हे, इतकं थोडं की डोळ्यांना दिसतच नाही."

मी हुश्श केलं. "बघा, थंड ठेवलं म्हणून टिकलं!"

बाटली ज्या खोक्यातून आली होती, त्यावरचं लेबल त्यांनी माझ्यापुढे धरलं. पूड साध्या तापमानातच पाठवली होती. फ्रीझर लागतो तो महिनोन्महिने ठेवायचं असेल तर. दोन दिवस टेबलावर राहिली असती तरी काही बिघडलं नसतं.

"बाटली कुठे ठेवायची ते इथे लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला कुठे ठेवायचं तेच मला कळत नाही."