दोन बाटल्या

एक बाई लांबच्या गावाहून आमच्या प्रयोगशाळेत बोअरचं पाणी तपासायला घेऊन आल्या होत्या. गावातल्या पोरांचे दात पिवळे पडत चाललेत, धडधाकट माणसांचे गुडघे धरलेत, म्हणून. मी हातमोजे घालून बाटली घेतली, झाकण सील केलं, चिठ्ठी डकवली आणि ती फ्रिजमध्ये ठेवून आले.

"रिपोर्ट आठ दिवसांनी मिळेल," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. मग पिशवीतून दुसरी बाटली काढली आणि वरूनच घटाघटा पाणी प्यायल्या.

"हे कुठलं पाणी?"

"तिथलंच. दुसरं कुठून आणायचं?"

किती जपतो आम्ही नमुन्याला! त्याला ऊन लागू देत नाही, कुणाचा हात लागू देत नाही. पाण्यात काय दडलंय ते आम्ही नेमकं शोधून काढू. पण तहान काही रिपोर्टसाठी थांबत नाही. संशय आला म्हणून पाणी सोडून देता येणं, हीसुद्धा श्रीमंतीच म्हणायची.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं आणि बाटली पुढे केली.

"घ्या ताई, घोटभर. चवीला गोड आहे."

मी अजून हातमोजे काढले नव्हते.