खंडेनवमीला दाबलेलं बटण

गोरक्ष गरीब स्वभावाचा होता, असं लोक सांगतात. साफ खोटं! त्याच्याइतका डूख धरणारा माणूस अंबडच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात दुसरा नव्हता. आणि मी, गोदाम सांभाळणारी सरिता, तेव्हाही त्याच्याच बाजूची होते.

चांदवडच्या कांदेवाल्या घरातला हा मुलगा. आयटीआय करून वायरमन म्हणून लागला आणि मासिकांसोबत फुकट येणाऱ्या सीड्यांवरून लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली शिकला. कारखान्याची सगळी ड्रॉइंग ज्या सर्व्हरवर होती, तो त्यानंच उभा केला. त्याचा कर्नेल, म्हणजे यंत्र चालवणारा गाभा, बदलायचा तर गोरक्षला आठ दिवस लागत. आधी सगळ्याची नक्कल सीडीवर. नवा कर्नेल जुन्याच्या शेजारी ठेवायचा, जुना पुसायचा नाही. मशीन बंद-चालू करून बघायचं. प्रोफाइल, म्हणजे सगळी प्रणाली कशी बांधायची ते ठरवणारा साचा, बदलायचा तो नंतर, वेगळ्या दिवशी.

२००६ साली महेश साहेब नवे मॅनेजर म्हणून आले. "एवढ्याला आठ दिवस?" म्हणून सगळ्यांसमोर हसले आणि गोरक्षला लोखंडी पत्रे मोजायला माझ्याकडे गोदामात पाठवलं. मग एका दुपारीत कर्नेल आणि प्रोफाइल दोन्ही बदलून मोकळे. पी हळद नि हो गोरी! जागा अडते म्हणून जुना कर्नेलही पुसला. मशीन चाललंच होतं, म्हणून बंद करून पाहिलं नाही.

गोदामातल्या कॉम्प्युटरवरून गोरक्षनं हे सगळं पाहिलं.

"सरिताताई, मेमरीत जुनाच कर्नेल चालू हाय, पण डिस्कवर तो नाय. नव्यात आपली डिस्क ओळखणारा ड्रायव्हरच टाकला नाय. बंद केलं की संपलं."

"मग सांग की साहेबांना."

"खंडेनवमी येतीये," तो म्हणाला.

वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं थांबवून त्यांची पूजा होते. सर्व्हरलाही हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. मालक अण्णा, कामगार, सगळे जमलेले. गोरक्ष हात जोडून म्हणाला, "अण्णा, चालू करायचा मान साहेबांचा."

साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या आणि थांबल्या. डिस्क सापडत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. साहेबांचा चेहरा उतरला आणि मला मनापासून आनंद झाला.

अण्णांनी गोरक्षकडे पाहिलं. त्यानं डब्याच्या पिशवीतून जुन्या नकलेची सीडी काढली आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा साहेब. मी सांगतो, तुम्ही टाइप करा. पण आधी सांगा, जुना कर्नेल कुनी पुसला?"

"मी," साहेब पुटपुटले.

"अण्णांना ऐकू आलं नाय."

"मी पुसला!"

तासाभरात जुना कर्नेल आणि जुना प्रोफाइल जागेवर आले, ड्रॉइंग उघडली. अण्णांनी तिथल्या तिथे सर्व्हर गोरक्षच्या हवाली केला.

सगळे पांगल्यावर साहेबांनी त्याला गाठलं. "तुला माहीत होतं. सकाळी एक शब्द बोलला असतास तर?"

"तर तुम्ही गुपचूप दुरुस्त केलं असतं," गोरक्ष म्हणाला, "अन् मी मरेपर्यंत पत्रे मोजले असते."