एमिटरवरचा एक व्होल्ट

टेक्सासमधल्या शुगर लँडला आले तेव्हा मी नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर होते. नोकरीची परवानगी नव्हती, त्यामुळे मराठी मंडळात माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डिग्रीचा उल्लेख 'पूर्वी काहीतरी करायची' एवढाच व्हायचा. मला भयंकर राग यायचा.

गणपतीच्या भजनात हार्मोनियम ऐकूच येत नाही, अशी तक्रार निघाली. मी म्हटलं, तिच्या माइकसाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर करून देते. साउंड बघणारे काका हसले. "अगं, ऑनलाइन ऑर्डर करू ना! तू मोदकांचं बघ."

मग तर करणारच होते.

भट्टीसारख्या तापलेल्या गॅरेजमध्ये टेबल टाकलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधलं सर्किट पाठ होतं. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेस नावाच्या पायाला एकच रेझिस्टर, तोही सर फळ्यावर लिहून देतील तेवढ्याच ओहमचा. आम्ही सगळ्यांनी तोच लावून फर्स्ट क्लास मिळवले होते. इथेही तोच लावला आणि पेटीचा आवाज चिरकला. बॅटरी नऊ व्होल्टची, पण जिथून आवाज बाहेर पडतो त्या कलेक्टरच्या पायावर अर्धा व्होल्टसुद्धा उरला नव्हता. आवाजाला वरखाली व्हायला जागाच नव्हती. इथे मागवलेल्या पुडीतल्या ट्रान्झिस्टरांचा गेन, म्हणजे करंट वाढवायची ताकद, कॉलेजमधल्यांपेक्षा कितीतरी जास्त होता, शिवाय एकाचा दुसऱ्याशी जुळत नव्हता.

नवरा डोकावला. "यार, सोड ना. काकांना कॉल करून कॅन्सल केलं म्हणून सांगतो."

"फोनला हात लावू नकोस."

सगळं इंजिनिअरिंग झालं, पण एकाही रेझिस्टरची किंमत मी स्वतः ठरवली नव्हती. हा देश, हे गाव, हे घरसुद्धा त्याच्या नोकरीने ठरवलेलं. आता पुरे झालं. एमिटरवर, म्हणजे तिसऱ्या पायावर, एक व्होल्ट ठेवायचा, मी ठरवलं. करंट एक मिलिअँपिअर, म्हणजे तिथे एक किलोओहम. कलेक्टरवर पाच व्होल्ट उरतील असा तिथला रेझिस्टर. बेसला एकाऐवजी दोन, आणि त्यांच्यातून बेसला लागतो त्याच्या दसपट करंट. मग ट्रान्झिस्टरच्या लहरींना विचारतो कोण! जोडून झाल्यावर मुद्दाम पुडीतला दुसरा ट्रान्झिस्टर घातला, मग तिसरा. कलेक्टरवरचे पाच व्होल्ट जागचे हलले नाहीत. घामाने निथळत मी एकटीच नाचले.

तालमीच्या दिवशी पेटी हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू आली. काकांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "मस्त बनवलंस रे!"

त्याने तोंड उघडायच्या आत मी पुढे झाले.

"काका, मी बनवलंय. बिघडलं तर फोन मला करायचा. ह्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही."