बॉयलरपूजेची सनई

चिमट्यानं समोरचा एक दात धरून जरा दाबला, तर वरचे चारही दात एकदम हलले. हिरडीतून पू आला.

"मामा, दुखत नव्हतं?"

"न्हाय ओ बाई. जरा जड वाटायचं."

नामदेवमामा जळकोटचे सनईवाले. माझा दवाखाना तुळजापुरात, एसटी स्टँडच्या मागं. दुष्काळानं रान करपलेलं, घर सनईवरच चालायचं. त्यांचे पुढचे दात पायोरियानं पडले, म्हणजे हिरड्या सडून दातांखालचं हाड झिजलं. कवळी लावून फुंकलं की ती सुटायची. भूमच्या दूध संघात नोकरीला असलेल्या मुलानं मग त्यांना मुंबईला नेऊन वरच्या चार दातांचं इम्प्लांट बसवून आणलं. त्या काळी ते फार थोड्या ठिकाणी व्हायचं. जबड्याच्या हाडात खाच पाडून धातूची पातळ पट्टी ठोकायची आणि तिच्या खुंटांवर दात चढवायचे. मामा पुन्हा वाजवू लागले. आता तर सहकारी साखर कारखान्याच्या, गाळप सुरू होण्याआधीच्या बॉयलरपूजेची सुपारी त्यांनी घेतली होती.

"हिरडीतून रक्त यायचं का?"

"यायचं की. मुंबईच्या डाक्टरनं सांगितलं हुतं, रक्त थांबंना तर लगेच या. मग रक्त आलं की म्या मिश्री लावायचो. थांबायचं. कशाला जायचं मुंबईला?"

सांगितलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. रागवायचं तरी कुणावर?

मिश्री म्हणजे तव्यावर जाळून कुटलेली तंबाखू. आमच्याकडं घरोघरी तिनंच दात घासतात. टँकरच्या पाण्याच्या दिवसांत तर ती सोयीची, एका चुळीत भागतं. ती हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळते, म्हणून रक्त येईनासं होतं. रोग आत चालूच राहतो. मामांच्या उरलेल्या दातांतला पायोरिया पट्टीपर्यंत पोचला होता आणि तिच्या भोवतीचं हाड खाऊन बसला होता.

"मिश्रीनं दुखणं गेलं नाही मामा. झाकलं गेलं."

त्यांनी उपरण्यानं ओठ पुसले. मग म्हणाले, "पूजा हुईपतूर ऱ्हाऊ द्या. मग काढा."

"तोवर हाडच उरणार नाही."

"हाड घिऊन काय करू बाई? सूर पायजे मला."

सूज नाकाकडं चढत होती. थांबणं शक्य नव्हतं. मी मुलाला बोलावून घेतलं, दोघांनी मिळून मामांना कसंबसं राजी केलं. इंजेक्शन देऊन पट्टी काढली. ती ओढावीसुद्धा लागली नाही, हातात आली. तिच्या जागी खोल घळ राहिली. जखम भरल्यावर कवळी केली, तर ती आता नुसतं बोलतानाही निसटायची. मला फार वाईट वाटलं. माझ्याकडं दुसरा इलाज नव्हता.

बॉयलरपूजेचं बोलावणं मलाही होतं. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि कर्ण्यावर सनईची रेकॉर्ड लावलेली. मामा उपरण्यानं तोंड झाकून एका कडेला बसले होते. मी जवळ गेले.

"बरं वाजतंय न्हवं?" ते उपरण्याआडून म्हणाले. "रेकार्डीला हिरड्या नसत्यात बाई."



तेव्हापासून कुणी इम्प्लांटचं नाव काढलं, की मी आधी मिश्रीची डबी टेबलावर ठेवायला सांगते. बहुतेकांच्या खिशात ती निघतेच.