अक्काच्या गाडीतला वास

पंपावरच्या पाईपचा खटका पडला आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला. जालना रोडवर मी अक्काच्या गाडीत पेट्रोल भरत होतो. संध्याकाळी तिला दवाखान्यातून घरी आणायचं ठरलं होतं. पंपावरचा माणूस म्हणाला, “साहेब, अजून बसंल थोडं. करू का गळ्यापर्यंत?” मी हातानंच नको म्हटलं आणि फोन घेतला. पलीकडं भाची होती, अक्काची मुलगी. “मामा...” एवढंच म्हणाली. पुढचं तिला बोलता आलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. येणारा प्रत्येक जण हात हातात घेऊन एकच सांगायचा, की अक्का कर्करोगाशी फार धीरानं झुंजली. मी मान हलवायचो. आज लिहितो आहे तर खरं लिहितो. अक्का आजाराशी झुंजली असेल. डॉक्टर म्हणतील ते ती निमूट करायची. पण दात-ओठ खाऊन ती झुंजली ती आमच्याशी, तिच्या भल्याचं बघणाऱ्या माणसांशी. आणि त्या माणसांत सगळ्यात पुढं मी होतो.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव सोयगावकडचं, घरची शेती. अक्का शिकली, लासूर स्टेशनच्या शाळेत मास्तरीण झाली. भावजी गेले तेव्हा तिची पन्नाशी उलटलेली. दुःखाचे दिवस संपतात न संपतात तोच तिनं गाडी शिकायला सुरुवात केली. “या वयात बाईमाणसानं कशाला?” असं काका म्हणाले तेव्हा ती म्हणाली, “काका, गाडीला कळत नाय बाई चालवतीय का बाप्या.” मग निवृत्त होईपर्यंत सिडकोतल्या घरून ती रोज स्वतः गाडी चालवत शाळेत गेली. त्या गाडीत ती कुणाची विधवा नव्हती, कुणाची आईही नव्हती. खिडकी खाली, आवाज मोठा, आणि पुढं रेंगाळणाऱ्या ट्रकला अस्सल गावाकडच्या शिव्या.

आजार कळल्यावरही औषध चढवायचे दिवस सोडले तर ती स्वतःच गाडी काढायची. ते दिवस माझे. गाडी मी न्यायचो, तिला आणायचो आणि परत लावताना टाकी भरून लावायचो. आमच्या घरात ही रीतच आहे. कुणाचं वाहन नेलं तर टाकी गळ्यापर्यंत भरून परत द्यायची. वडील स्कूटर कलती करून, हलवून हलवून पेट्रोल बसवायचे. मीही तेच करायचो. टाकी भरली की पाईपचा खटका आपोआप पडतो, तरी पंपावरच्या माणसाला म्हणायचो, “सावकाश भर, अजून बसंल.” बहिणीसाठी दुसरं काय करता येतंय, असं वाटायचं...

उन्हाळा लागला आणि अक्का म्हणू लागली, “गाडीत पेट्रोलचा वास येतोय रं दिल्या.” मी डोकं घालून हुंगलं. मला काही कळलं नाही. सर्व्हिसिंगला दाखवलं. डॅशबोर्डवर दिवा नाही, कॉम्प्युटरला जोडलं तर तिथंही काही नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की या औषधांनी चव बदलते, वास बदलतात. तिला वरणाला लोखंडाचा वास यायचा, साबण सहन व्हायचा नाही. मग काय, आम्हाला उत्तर सापडलं. भाची म्हणाली औषधाचं आहे, माझी बायको म्हणाली औषधाचं आहे. मी तर समजूत घालायच्या स्वरात म्हणालो, “अक्का, ते तुझ्या नाकात आहे, गाडीत नाही.” आणि दोन दिवसांनी खुंटीवरची तिची किल्ली काढून माझ्या खिशात घातली. ज्याला नसलेले वास येतात त्यानं गाडी चालवू नये, असं त्यामागचं आमचं शहाणपण.

ती ओरडली नाही. शाळेत वर्गाकडं बघायची तसं माझ्याकडं बघितलं. “चव गेलीय माझी. अक्कल नाय गेली. वास गाडीतच हाय हे दाखवलं तर किल्ली देशील?”

“देईन.”

“आईची आण घे.” मी घेतली. पन्नाशीतल्या माणसानं, हसत हसत.

त्यानंतर ती रोज दुपारी उन्हात तापलेल्या गाडीशी जायची. दार उघडायची, आत डोकं घालून हुंगायची, मग बाहेरून एक फेरी मारायची. डोक्यावर केस नव्हते, रुमाल बांधलेला. शेजारी खिडकीतून बघायचे. मला लाज वाटायची, हेही लिहून टाकतो. पहिला संशय तिला टाकीच्या झाकणावर आला. त्याचं रबर कडक झालं होतं, तिनं मला नवीन झाकण आणायला लावलं. वास राहिलाच. मग फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी करून टाकीच्या तोंडाभोवती मारून बघितलं. कुठं फुगा येतो का. आला नाही. “बघ,” मी म्हणालो. “बघतीय,” ती म्हणाली. “अर्धी टाकी असली की वास नाय. भरलेली असली, वरून ऊन लागलं, की उजव्या अंगाला मागं येतोय. माझं नाक बिघडलं असतं तर त्याला टाकी भरलीय का रिकामी, कसं कळलं असतं रं?”

शेवटी बजाजनगरला ओळखीच्या सलीमभाईंच्या गॅरेजला तिला नेलं ते वाद मिटावा म्हणून. सलीमभाईंनी गाडीखाली बॅटरीचा उजेड मारला, वर येऊन हात पुसले. “आपा, गाडी फस्क्लास है. काइकू टेन्शन लेते?”

“धुराचं मशीन हाय ना तुमच्याकडं? लावा.”

“आपा, उसमें घंटा जाता...”

“मला कुठं शाळेत जायचंय? लावा.” आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून ती गाडीच्या मागं बसली.

टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती हवेत न जाता पाईपमधून कोळशाच्या एका डब्यात जावी, तिथून इंजिनात जाऊन जळावी, अशी सोय असते. त्या वाटेत अगदी हलक्या दाबानं धूर सोडला, की फट असेल तिथून तो बाहेर येतो. सलीमभाईंनी मागचं चाक काढलं, चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर सोडवलं, धूर सोडला. बराच वेळ काही नाही. सलीमभाई माझ्याकडं बघून डोळ्यांनीच म्हणाले, बघा. मीही तसंच बघितलं. त्या नजरेची मला आजही शरम वाटते. आणि मग उजव्या बाजूला, पाईप जिथं वळतो तिथून, धुराची एक बारीक रेघ वर चढू लागली.

“हौ आपा... लीक है,” सलीमभाई म्हणाले.

अक्का उठली नाही. “व्हय ना? मग येडं कोण?”

पाईपला वळणावर केसाएवढी चीर होती. सलीमभाईंनी कोळशाचा डबा काढला तर तो पेट्रोलनं ओला. “यहाँ वाफ आना, पेट्रोल नै. गले तक भर भर के डबा डुबा दिया, पाईप भी फूल गया. कौन भरता इतना?”

अक्कानं माझ्याकडं बोट केलं. “ह्यो. माझ्यावर लई जीव हाय ह्याचा.”

सलीमभाई हसले, ती हसली. मला हसता आलं नाही. ज्याला मी माया समजत होतो त्याचाच वास तिला येत होता, आणि तो नाही असं तिला समजावून सांगणाराही मीच. नवा पाईप, नवी क्लिप, नवा डबा बसला. पुन्हा धूर सोडला. कुठंही रेघ आली नाही. चाक बसवायच्या आतच तिनं हात पुढं केला. “किल्ली.” मी म्हणालो, अक्का, थकलीस, घरापर्यंत मी नेतो. “आईची आण घेतलीस ना? आण किल्ली.” बजाजनगर ते सिडको ती गाडी चालवत आली. मी शेजारी बसलो. बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात एक रिक्षावाला आडवा आला तेव्हा तिनं त्याचा जो उद्धार केला, तो इथं छापता येणार नाही.

माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. एवढंच म्हणाली, “खटका पडला की थांबायचं. आणि माणूस सांगतंय तर आधी बघायचं, मग शाणपण.” त्यानंतर बरेच महिने तिनं गाडी चालवली. ते महिने तिनं आमच्याकडून हिसकावून घेतले होते. ते आम्ही दिले, असं कुणी म्हणू नये.

आता नातेवाईक सांगतात, गेलेल्या माणसाची गाडी दारात ठेवू नका, विकून टाका. विकणार नाही. भाचीनं ती मला दिली आहे आणि मी ती खिडकी खाली करून चालवतो.

परवा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “गॅसचा वास येतोय बाबा.” अक्का गेल्यापासून आईला काहीबाही वाटतं, रात्री दार वाजल्यासारखं, कुणी हाक मारल्यासारखं. बायकोनं माझ्याकडं बघितलं, तीच नजर. मी उठलो, गाडीच्या दारातल्या कप्प्यातून अक्काची फवाऱ्याची बाटली आणली, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि सिलिंडरपासून शेगडीपर्यंत एकेक जोड साबणाच्या पाण्यानं भिजवला. गुडघ्यावर बसून वाट बघितली. कुठंच फुगा आला नाही.

“नाय ना?” आई दारातून म्हणाली. “मलाच वाटलं असंल.”

“थांब आई,” मी म्हणालो. “परत बघतो.”