तात्याबाचा नवस आणि सगळ्यांचे उपास

तात्याबा दौंडच्या रेल्वे कॉलनीत दूध घालायचा. बापजाद्यांची हयात मेंढरांमागं गेली. तात्याबानं मात्र चार म्हशी घेऊन गावाच्या कडेला बूड टेकलं. चौऱ्याण्णव साली बायको म्हाळसा तापानं फणफणली, तेव्हा घाबरून तो बिरोबाला नवस बोलला, "हिला उठीव देवा. तीन धर्मांची मानसं एका पंगतीला जेवू घालीन. तवर तंबाखूला शिवनार न्हाई."

म्हाळसा उठली आणि उठल्या उठल्या नवऱ्यावर खेकसली. म्हणजे देवानं शब्द पाळला होता. इकडं तंबाखूवाचून तात्याबा असा पिसाळला, की म्हशीसुद्धा पान्हा चोरायला लागल्या.

माणसं शोधायला लांब जायचं नव्हतं. त्याच्या गिऱ्हाइकांत शेजारीशेजारी राहणारे तिघं होते: रेल्वेतले नायर आणि चाको, आणि बेकरीवाला कोया. तात्याबा तिघांनाही 'मद्रासी' म्हणायचा, आणि मद्रासी हाच एक धर्म असावा अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

चाकोनं एकदाचं समजावलं, "आम्ही केरळवाले. आमच्याकडे निम्म्याच्या वर हिंदू, बाकीच्यात मुसलमान आणि ख्रिस्ती. नायर हिंदू, कोया मुसलमान, मी ख्रिस्ती."

"मंग इतकी वर्सं बोलला का न्हाई?"

"तुम्ही दूध किती, एवढंच विचारत होता."

"म्हंजी आयती पंगतच की!" तात्याबा हरखला. बोकडही हेरून ठेवला. पण बोलवायला गेला तर नायरचा सोमवार निघाला. मंगळवारी म्हाळसेचा मंगळवार. तेवढ्यात कोयाचे रोजे लागले, आणि त्याच आठवड्यात चाको म्हणाला, "तात्याबा, दूध बंद. ईस्टरपर्यंत पन्नास दिवस मटण, मासे, अंडी, दूध काही नाही."

"पन्नास दिस? असा कंचा नवस बोलला व्हता, चाकोसायेब?"

घरी येऊन तो डोकं धरून बसला. "आन् आता शिवरात्र आली. त्या दिशी तर झाडून समदे उपाशी!"

"मंग त्याच दिशी बोलवा," म्हाळसा म्हणाली.

"खुळी का काय! उपाशी मानसाला जेवाया?"

"देवाला मटन म्हनला व्हता, का जेवन म्हनला व्हता?"

तात्याबानं आठवून पाहिलं. घाईत बोकडाचा उल्लेख राहून गेला होता.

शिवरात्रीला म्हाळसेनं साबुदाण्याची खिचडी टाकली. चाकोला तूप चालत नाही म्हणून शेंगदाण्याच्या तेलात. कोयासाठी पंगत दिवस मावळल्यावर. खजुरानं रोजा सोडून कोया पंगतीला बसला. चाकोनं एक दाणा बोटावर घेऊन न्याहाळला. "अरे, हा कप्पाच की! आमच्या घरामागं याचे कंद निघतात, त्यांचाच हा साबुदाणा." मग मुलखातला पाहुणा भेटल्यासारखे तिघंही खिचडीवर तुटून पडले. म्हाळसेला दुसरी कढई चढवावी लागली.

नवस फिटला. तात्याबानं चंची सोडली आणि तंबाखू मळायला घेतली.

"अवं, उपास हाय!" म्हाळसा ओरडली.

"आमच्यात पन्नास दिवस तंबाखूही बंद," चाको म्हणाला.

"शिवरात्र आहे. सकाळी खा," नायरनंही बजावलं.

तात्याबानं केविलवाण्या नजरेनं कोयाकडं पाहिलं.

"रोजा सुटला. आता चालतं," कोया म्हणाला.

"मंग कोयाभाई, सकाळपतूर मला तुमच्यात मोजा," असं म्हणून तात्याबानं चिमूट ओठाखाली सारली.