गव्हाणीच्या फळीची गिटार

मित्रांनो, आज दुपारीच दुकानाचं शटर ओढून घेतलं. हातून जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं.

नगरात मी गिटारी दुरुस्त करतो. मागच्या आठवड्यात खर्ड्याकडचे एक म्हातारे सुतार, तात्या, बहात्तरच्या दुष्काळात स्वतः बनवलेली गिटार घेऊन आले. पाठ चक्क बाभळीची! शिसव सोडून बाभळीची गिटार कोण करतं, म्हणून मी त्यांच्या तोंडावर हसलो. त्यांना फक्त सुटलेला सांधा चिकटवून हवा होता.

पाठीच्या जाड फळीला मधोमध एक गुळगुळीत खळगा होता. मला वाटलं, रंधा नीट फिरला नसेल. काल मी न विचारताच फळी तासून सपाट केली, वर पॉलिश मारलं.

आज तात्यांनी गिटार उलटी करून तळहात फिरवला. पुन्हा फिरवला.

"मधला खळगा कुठं गेला?"

"काढला की, तात्या. आता कशी एकसारखी झाली!"

ते खाली स्टुलावर बसले.

"आमच्या हरण्या बैलाच्या गव्हाणीची फळी हुती ती. चाटून चाटून त्यानं खळगा पाडला हुता. दुष्काळात चाऱ्यावाचून मेला. फळी चुलीत घालवंना, म्हून गिटार केली. वाजवून झालं की हात तिथंच जायाचा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते गिटार उचलून निघून गेले.

कालच्या ढलप्या अजून टेबलाखाली पडल्यात. झाडून कुठं टाकू, सांगा.